वाणात दिलेला हात

नळाला पाणी आलं होतं. लातूरच्या आमच्या भागात तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी यायचं. आलं की गल्लीतलं प्रत्येक भांडं रस्त्यावर. मी टाकी भरून आत गेलो, पुन्हा बाहेर पाहिलं, तर माझी बायको जगदेवी भरलेली घागर डाव्या हातानं उचलून पायऱ्या चढत होती.

डाव्या हातानं. त्या बाजूची कॅन्सरची गाठ वर्षापूर्वी नांदेडला काढली होती, स्तनासकट, काखेतल्या गोळ्यांसकट. तेव्हापासून तो हात सुजायचा. त्या हातानं ओझं उचलायचं नाही, त्यात सुई टोचून घ्यायची नाही, घट्ट बांगडी घालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसभर त्यावर पट्टी असायची. त्या सकाळी पट्टी नव्हती.

"काय करायलीस?" मी ओरडलो.

"पाणी भरायले. दिसंना का?"

"उजवा हात मोडला का तुझा?"

"हळू बोला. आज माप हाय. तवर सुजला पाहिजे हात."

मी जन्मभर मार्केट यार्डात आणि डाळ मिलमध्ये हमाली केली. ओझं कुठं घ्यायचं, कुठं नाही, हे मला कोणी शिकवू नये. पण आजारी हात मुद्दाम ओझ्याखाली घालणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. घागर तिच्या हातातून काढून घेतली आणि तिला ओट्यावर बसवलं. मग तिनं सगळं सांगितलं. ते तिनं बानोसाठी केलं होतं. म्हणून आधी बानो कोण ते सांगतो.

बानो आमच्या मागच्या गल्लीत राहते. तिचा नवरा मकबूल स्टोव्ह आणि कुकर दुरुस्त करायचा. बानो बाळांना आणि बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालायची. हिंदूंचं घर असो की मुसलमानांचं, बोलावणं आलं की जायची. माझ्या दोन्ही पोरांना तिनंच न्हाऊ घातलं, म्हणून तिचं काम मी पाहिलेलं आहे. आल्या आल्या बांगड्या काढून फळीवर ठेवणार, कोपरापर्यंत हात धुणार, मग बाळाला घेणार. चहा काम संपल्यावर. मधे कुणी गप्पा मारायला लागलं तर उत्तर देणार नाही. काम करावं तर असं.

भूकंपानंतर जखमी माणसं ट्रकमधून लातुरात आली. दवाखाने पुरेनात, तेव्हा शाळांतून खाटा टाकल्या. आम्ही हमालांनी माणसं उतरवली. पोती उतरवण्याचीच सवय होती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. बानो तिथं खिचडी वाढायला आली होती. प्लास्टर निघाल्यावर लोकांचे हातपाय सुजायचे. त्यांना व्यायाम देणारी एक शिकलेली बाई बाहेरगावाहून आली होती. बानो तिच्यामागं फिरत राहिली आणि सुजलेल्या अंगाला हात कसा लावायचा ते तिच्याकडून शिकली. जोर लावायचा नाही. आधी वरची बाजू मोकळी करायची, मग खालचं पाणी वर सोडायचं.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा लगेच समजलं. ट्रक खाली करताना मागच्या दाराच्या फाळक्याजवळची पोती आधी काढतात. आतली ओढत बसलं तर थप्पी अंगावर येते.

पुढं लातूर बदललं. इथली पोरं बोर्डात चमकली आणि बाहेरगावची पोरं शिकायला येऊ लागली. ज्याच्या घरी जागा होती त्यानं खाटा टाकून पोरं ठेवली. डाळीची गोदामं रिकामी झाली आणि त्यांत बाकं आली. आमची एक मिल बंद पडली तिथं आता फिजिक्स शिकवतात.

बाजारामागं एका ट्रस्टचा जुना दवाखाना होता. नांदेडच्या डॉक्टर पंचशीला दर बुधवारी तिथं यायच्या. त्या कॅन्सरची ऑपरेशनं करायच्या. ऑपरेशन झालेल्या बायकांना तपासणीसाठी नांदेडपर्यंत हेलपाटा नको, म्हणून त्या स्वतः एसटीनं यायच्या. हात सुजलेल्या बायका त्यांनी पाहिल्या, चौकशी केली, बानोला बोलावून घेतलं. तिला समोर बसवून तिच्या हाताच्या चुका काढल्या. बानो आधी जोर कमी लावायची, पण या बायकांना त्याहून कमी लागतो, हे तिला नव्यानं शिकावं लागलं. मग दवाखान्यातली जिन्याजवळची खोली तिला मिळाली. एक खाट, एक स्टूल, एक खिडकी.

त्या खोलीत बानोचा एक नियम होता, आणि तो मोडायला आलेला पहिला माणूस म्हणजे चाकूरचे शेषेराव. शेती करणारा गडी. बायको सिंधु बरोबर होती. इंजेक्शनांनी तिचे केस गेले होते, उलट्यांनी ती अर्धी झाली होती. मी जगदेवीला घेऊन बाहेर बाकावर बसलो होतो. सगळं ऐकू येत होतं.

"बानोबी, तुमच्या हाताला लई गुण हाय म्हणतेत," शेषेराव म्हणाले. "हिची इंजेक्शनं बंद करतो. आता तुम्हीच बरी करा."

"शेषेरावभाई, मेरे हातसे गाठ नै जाती," बानो म्हणाली. "सूज थोडी उतरती, जीवाला बरं वाटतं. बस. पहिले सुई. सुई पुरी करा, मग हात लावते."

"अहो, एवढ्या दुरून आलो."

"तर मग नांदेडची गाडी पकडा. वाटेत तुमचं चाकूर लागतं, तिथं उतरू नका म्हणजे झालं."

सिंधु हसली. शेषेराव चिडले, पण गाडीत बसले. सिंधुनं सगळी इंजेक्शनं पुरी केली आणि मगच बानोच्या खोलीत आली.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हरिओम सरांचा क्लास होता. सर वाईट माणूस नव्हेत. त्यांची पोरं जागा नसल्यानं जिन्यावर बसून गणितं सोडवायची. सरांना अभ्यासिकेसाठी ती खोली हवी होती आणि भाडंही चांगलं देणार होते. ट्रस्टच्या लोकांनी डॉक्टरांना विचारलं, "या तेल लावण्यानं फायदा होतो, याचा पुरावा आहे का?"

"माझ्याकडे नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बायकांना बरं वाटतं हे खरं. पण ते बानोच्या हातानं की पट्टीनं की व्यायामानं, हे मला माहीत नाही. मोजून बघावं लागेल."

ट्रस्टनं होळीपर्यंत मुदत दिली.

मोजायला पैसा लागतो. डॉक्टरांनी ठिकठिकाणी अर्ज पाठवले. नवं औषध असतं तर एखाद्या कंपनीनं पैसा घातला असता, कारण औषध पुढं विकता येतं. बानोचा हात कोण बाटलीत भरून विकणार? सगळीकडून नकार आला. एका ठिकाणच्या साहेबांनी फोनवर विषय चांगला आहे म्हणून सांगितलं, आणि नकारच दिला. शेवटी डॉक्टरांनी शिवणकामाचा टेप आणला आणि एकट्यानं सुरुवात केली.

सगळ्या बायकांना जमवून त्यांनी डब्यातून चिठ्ठ्या काढायला लावल्या. अर्ध्या बायकांना पट्टी, व्यायाम आणि बानोचा हात. अर्ध्यांना नुसती पट्टी आणि व्यायाम. होळीनंतर त्यांचीही पाळी.

"असं का ओ, बाई?" जगदेवीनं विचारलं.

"दोन वावरं शेजारी आहेत. एकाला खत घातलं, दुसऱ्याला नाही घातलं, तरच खतानं काय केलं ते कळेल ना?"

हे सगळ्यांना पटलं. ज्यांची चिठ्ठी दुसरी निघाली त्यांनी होळीपर्यंत कुणाकडूनही मालिश करून घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सगळ्यांनी शब्द दिला. जगदेवीची चिठ्ठी दुसरी निघाली. सिंधुचीही.

मग संक्रांत आली.

जगदेवीनं दवाखान्यातल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. त्यांत लक्ष्मीबाई होती. भाजी विकणारी, नवरा वारलेला, चिठ्ठी पहिली निघालेली. विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. ती दारातच थांबली.

"आत ये गं," जगदेवी म्हणाली. "इथं बसलेल्या सगळ्यांचं एकेक गेलंय. आता कुंकवाचं काय बघायचं?"

बायका इतक्या हसल्या की मी बाहेर ओट्यावर दचकलो. आत पुढं काय झालं ते मला त्या नळाच्या सकाळी कळलं. बायकांनी वाण लुटलं. कुणी गाळणी दिली, कुणी साबणाची वडी. लक्ष्मीबाईकडं काही नव्हतं. नवरा गेल्यापासून तिच्या हातचं वाण कुणी घेतलंच नव्हतं. ती म्हणाली, "मी काय लुटू? माझ्याकडं एवढंच हाय." तिनं जगदेवीचा सुजलेला हात मांडीवर घेतला आणि बानो तिच्या हातावर जे करायची तेच आपल्या चांगल्या हातानं केलं. मग सिंधुचा हात घेतला. मग पुढचीचा.

वाणाला नाही म्हणता येत नाही. आणि वाण फडताळात ठेवायचं नसतं, वापरायचं असतं. त्या दिवसापासून दुसऱ्या चिठ्ठीच्या बायका जमेल तेव्हा एकमेकींचे हात चोळू लागल्या. घरी जगदेवीला शेजारीण चोळायची, चाकूरला सिंधुला तिची जाऊ. डॉक्टरांना दिलेला शब्द आपण मोडतोय, असं एकीच्याही मनात आलं नाही.

मधलं माप झालं तेव्हा दोन्हीकडचे हात सारखेच उतरलेले निघाले. डॉक्टर बानोला म्हणाल्या, "तुमच्या हातानं वेगळं काही होत नाही, असं दिसतंय. शेवटचं मापही असंच आलं तर मी खोटं सांगणार नाही."

"नका सांगू," बानो म्हणाली.

पण लक्ष्मीबाईचा हात चोळताना बानोनं ते बोलून दाखवलं. लक्ष्मीबाईच्या लगेच ध्यानात आलं की आपलं वाण नडलं. बानोपुढं ती काही बोलली नाही. दुसऱ्या चिठ्ठीच्या बायकांपुढं बोलली. त्यांनी ठरवलं की शेवटच्या मापाआधी चोळणं बंद, पट्टी काढायची, आणि त्या हातानं ओझं ओढायचं. हात सुजतील, फरक दिसेल, खोली राहील.

"सिंधुसुद्धा?" मी विचारलं.

"ती कालपासून हरभरा उपटायली."

हरभऱ्याच्या पाल्यावर झोंबणारी, आंबट आंब असते. उपटताना चांगल्या हातांची कातडी फाटते. त्या हाताला एक चीर पडली तरी विष चढतं, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं.

मी सायकल काढली आणि बानोकडं गेलो. ती भाकरी करत होती. जे कळलं ते मी सांगितलं, एकही शब्द न गाळता. ती ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली, धूर आला, तरी तिनं हात हलवला नाही. ती गप्प राहिली असती तर खोली राहत होती. मी कुणाला सांगणार नव्हतो, आणि बायका तर मुळीच नाही.

मग तिनं तवा उतरवला. "चलो, महादेवप्पाभाई."

नळावर जगदेवी पुन्हा उभी होती. पुन्हा घागर, पुन्हा डावा हात. बानोनं घागर धरून पाणी तिथंच ओतून दिलं. आमच्या गल्लीत भरलेली घागर कुणी ओतत नाही. बायका बघत राहिल्या.

"येडी झाली काय गं तू?" बानो म्हणाली. "मेरे कमरे के वास्ते हात घालवणार? मग कमऱ्यात बसून मी काय भिंत चोळू?"

"खोली गेली तर आम्ही कुठं जायचं?" जगदेवीही चिडली होती. "तुला काय, तू परत बाळं न्हाऊ घालशील. आमचं कोण हाय?"

"पट्टी ला."

"न्हाई लावत."

"जगदेवी, पट्टी ला."

जगदेवीनं घरातून पट्टी आणून दिली. बानोनं ती बोटांपासून वर, एकेक वेढा सारखा ताणत बांधली. घाई असून एकही वेढा सैल गेला नाही. मग आम्ही तिघं दवाखान्यात गेलो.

जिन्याजवळच्या खोलीत हरिओम सर टेप लावून बाकांची जागा मोजत होते. आम्हाला पाहून ते ओशाळले आणि टेप गुंडाळू लागले. पलीकडं डॉक्टर आपला टेप घेऊन बसल्या होत्या. बायका जमल्या होत्या. दुसऱ्या चिठ्ठीच्या बायकांनी पदर सुजलेल्या हातावरून ओढून घेतला होता. सिंधु आली नव्हती.

"चाकूरची गाडी आली का?" बानोनं मला विचारलं.

"आली असेल."

"तर मग कुठं हाय ती?"

मी बाहेर जाऊन रस्ता पाहून आलो. पुन्हा गेलो. तिसऱ्या वेळी ऑटो थांबला आणि शेषेरावांनी सिंधुला धरून उतरवलं. ती थरथरत होती. हात बोटांपासून कोपरापर्यंत लाल, चकाकणारा.

डॉक्टरांनी टेप टाकला आणि तिला खाटेवर घेतलं. अंगात फणफणून ताप होता. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या.

"हे कशानं झालं?"

"हरभरा उपटायली होती," शेषेराव म्हणाले. "म्या नको म्हणलं तर म्हणते, डॉक्टरीणबाईनंच व्यायाम सांगितलाय."

डॉक्टरांनी चांगल्या हातात सुई लावली, औषध सुरू केलं. मग पेन काढला आणि लाली जिथं संपत होती तिथं हातावर रेघ ओढली. "लाली या रेघेच्या वर गेली तर लगेच नांदेडला न्यायचं. गाडी सांगून ठेवा."

मी गाडी सांगून आलो. सगळे त्या रेघेकडं बघत बसले. डॉक्टर म्हणाल्या, "तोवर बाकीच्यांची मापं घेऊ."

कुणी उठलं नाही. लक्ष्मीबाई जमिनीकडं बघत होती. जगदेवी माझ्याकडं बघत होती.

"घेऊ नका," बानो म्हणाली.

तिनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. वाण, चोळणं, पट्ट्या काढणं, घागरी. स्वतःसाठी एक शब्द जास्तीचा घातला नाही. हरिओम सर दारात उभे राहून ऐकत होते.

डॉक्टर स्टुलावर बसल्या. टेपची गुंडाळी केली. मग लक्ष्मीबाईला म्हणाल्या, "तुम्ही शब्द दिला होता."

"शब्द मालिशचा दिला व्हता, बाई. वाणाचा कुठं दिला?"

डॉक्टरांना हसू आलं की रडू, मला सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या, "आता हे सगळं मोजमाप बाद. बानोच्या हातानं फरक पडतो, असं म्हणता येणार नाही. पडत नाही, असंही म्हणता येणार नाही."

"मग पुन्हा करा," बानो म्हणाली. "मी सगळ्यांना कोंडून ठेवते."

"कशाच्या जिवावर करू, बानो? दुसऱ्या गावच्या बायका लागतील, मोजायला माणसं लागतील, एक वर्ष लागेल. एकदा कसंबसं जमवलं होतं."

दुपारभर लाली रेघेपाशी थांबून राहिली. एकदा ती वर सरकली असं शेषेरावांना वाटलं, ते गाडीवाल्याला हाक मारायला धावले. डॉक्टरांनी वाकून पाहिलं आणि मान हलवली. ऊन उतरलं तेव्हा रेघेच्या आत बोटभर कातडी पुन्हा आपल्या रंगाची दिसू लागली. सिंधुनं पाणी मागितलं. शेषेराव भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

तिला दोन दिवस तिथंच ठेवलं. हात वाचला.

खोली गेली. ट्रस्टनं पुरावा मागितला होता, तो नव्हता. होळीनंतर तिथं बाकं आली. बानोची खाट हरिओम सरांनी स्वतः एका बाजूनं उचलली, दुसरी बाजू मी धरली. जिन्याखाली बसला तरी चालेल, असं सर म्हणाले. जिन्याखाली बायकांनी पदर कसा काढायचा? बानोनं त्यांचे आभार मानले आणि खाट घरी नेली.

डॉक्टर अजून बुधवारी येतात. अर्ज अजून करतात. त्यांनी बायकांना सांगितलं, "हलक्या हातानं किती फायदा होतो ते मला माहीत नाही, पण नुकसान होत नाही. मात्र पट्टी, व्यायाम आणि तपासणी सोडलीत तर माझ्याशी गाठ आहे. घरच्यांना शिकवून घ्या."

म्हणून बानो घरोघर जाऊन घरच्यांना शिकवू लागली. कुणाच्या लेकीला, कुणाच्या सुनेला. चाकूरला जाऊन तिनं शेषेरावांनाही बसवलं. आमच्या घरी मीच होतो.

मी ओल्या पोत्यांची थप्पी लावलेली आहे. त्या कामानं मला इतकं थकवलं नाही. माझ्या बोटांना जोर लावायचा ठाऊक, काढून घ्यायचा ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी जगदेवी कळवळली आणि बानोनं माझ्या हातावर चापट मारली. "वो पोता नै है, महादेवप्पाभाई."

दुसऱ्या दिवशी तिनं भाजलेला पापड आणला. माझ्या मांडीवर ठेवला आणि त्यावरून तळहात फिरवायला सांगितलं. वर न्यायचा, सोडायचा, पुन्हा वर. पापड मोडता कामा नये. खांद्यापासून हात कापायला लागला, कपाळाला घाम आला. हमाल लोकांना सांगितलं असतं तर त्यांनी मला बाजारात फिरू दिलं नसतं.

पापड मोडला. जगदेवीनं मोठा तुकडा उचलून खाल्ला.

बानोनं पिशवीतून दुसरा काढला. "फिरसे," ती म्हणाली.